ईस्ट कर्कबी: चार मर्लिन इंजिनं आणि दोन भावांनी जपलेली आठवण

इंग्लंडमधल्या लिंकनहून ईस्ट कर्कबीचं विमान म्युझियम बघायला जाताना गाडीत माइक हार्डिंग या इंग्लिश लोकगायकाचं 'बॉम्बर्स मून' लावलं होतं. त्याचे वडील आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात, नॅव्हिगेटर होते, 1944 मध्ये हा जन्मायच्या काही आठवडे आधीच गेले, त्यामुळे त्या गाण्यात नुसता शौर्याचा गाजावाजा नाही, घरात राहिलेली रिकामी जागा ऐकू येते. बॉम्बर्स मून म्हणजे चांदण्याची रात्र, टार्गेट नीट दिसतं, पण मग जर्मन नाइट फायटरला तुम्हीपण तितकेच नीट दिसता.

30 मार्च 1944 च्या रात्री तेच झालं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर 795 ब्रिटिश विमानं गेली, आकाशात अर्धा चंद्र होता आणि ज्या ढगांचा भरवसा होता ते वाटेत आलेच नाहीत, 95 विमानं परत आली नाहीत. आरएएफच्या बॉम्बफेकी विभागाची, म्हणजे बॉम्बर कमांडची, ती सगळ्यात वाईट रात्र. त्यात ख्रिस्तोफर पँटन हा फ्लाइट इंजिनिअर गेला. त्याचे धाकटे भाऊ फ्रेड आणि हॅरोल्ड मोठे होऊन शेतकरी झाले, गावचा जुना एअरफील्ड त्यांनी कोंबड्यांच्या फार्मसाठी घेतला आणि 1983 मध्ये भावाच्या आठवणीसाठी चक्क एक लँकेस्टर, म्हणजे त्या युद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर विमान, विकत घेतलं! त्याचा नंबर एनएक्स 611, आता नाव 'जस्ट जेन'. कसलं मोठं काळीज पाहिजे त्याला.

इथलं स्मारक म्हणजे हे विमानच, आणि ते चालतं. अजून उडत नाही, उडवण्यासाठी दुरुस्ती चालू आहे, पण ठरलेल्या दिवशी चारही मर्लिन इंजिनं एकेक करून सुरू होतात आणि विमान धावपट्टीकडे चालत निघतं, तो आवाज कानाने कमी आणि छातीने जास्त ऐकू येतो. मला रडू आलं, खरंच. बॉम्बर कमांडचे 55,573 जण गेले हे कितीही वेळा वाचलं तरी आकडाच राहतो, इथे तुम्ही त्यातल्या एका पोराच्या भावांनी काय केलं ते बघता. युद्धात इथून 57 आणि 630 नंबरच्या दोन स्क्वाड्रन उडायच्या, प्रत्येक लँकेस्टरमध्ये सात जण, बहुतेक विशीतले. जुना कंट्रोल टॉवरपण सांभाळलाय, तिथे घाई करू नका.

जाणाऱ्यांसाठी: गावात रेल्वे नाही, गाडी हवीच, ए155 रस्त्यावरच आहे. निघायच्या आधी वेबसाइटवर दोन गोष्टी बघा, एक म्हणजे त्या दिवशी म्युझियम उघडं आहे का, रविवार शक्यतो टाळाच, आणि दुसरं म्हणजे इंजिन चालवायचा दिवस आहे का, कारण उभं विमान बघणं आणि चालतं बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आत बसून फेरी मारायची असेल तर फार आधी बुक करा आणि महाग आहे याची तयारी ठेवा. सपाट मोकळा माळ, वारा अंगात शिरतो, उन्हाळ्यातपण जॅकेट घ्या. लहान मुलं असतील तर कानाला लावायला काहीतरी हवंच. आईबाबा भारतातून आले असतील तर डबा घेऊन जा, खुर्च्या-बाकं मिळाली की मस्त जेवता येतं.

वेळ असेल तर आधी लिंकनचं इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर करा. तिथला लोखंडी स्तंभ 31 मीटर उंच आहे, लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीएवढा, आणि भोवतीच्या भिंतींवर सगळी नावं कोरलीत. नावं आधी वाचून मग ईस्ट कर्कबीला या, उलट्या क्रमाने नको.