ज्या बागेचा राजवाडाच उरला नाही : पॅरिसची त्वीलरी

पॅरिसच्या मध्यभागी, सीन नदीच्या उजव्या तीरावर, लुव्र संग्रहालय आणि प्लास द ला काँकॉर्द हा विस्तीर्ण चौक यांच्या दरम्यान त्वीलरी बाग पसरलेली आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे २५ हेक्टर असून प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे. लुव्रमध्ये चालून थकलेले प्रवासी बहुधा विसाव्यासाठी इथे येतात आणि थोडा वेळ बसून पुढच्या ठिकाणाकडे निघतात. मी मात्र या बागेसाठीच वेगळा वेळ राखून ठेवला होता. एका राजवाड्याच्या खिडक्यांतून पाहण्यासाठी जिची रचना झाली आणि तो राजवाडा नाहीसा झाल्यावरही जी तितकीच डौलदार राहिली, अशी ही बाग आहे, आणि हे कसे साधले ते मला प्रत्यक्ष चालून पाहायचे होते.

ही बाग पाहायची तर लुव्रच्या बाजूने, पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहावी. लुव्रचे दोन लांब बाहू पश्चिमेला ज्या दोन बुलंद इमारतींपाशी संपतात, त्यांपैकी नदीकडची पाव्हियाँ द फ्लोर आणि उत्तरेकडची पाव्हियाँ द मार्सां. या दोहोंच्या मधली जी जागा आज मोकळी दिसते, तिथे त्वीलरीचा राजवाडा आडवा उभा होता. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ मध्ये मरण पावल्यानंतर त्याची राणी कॅथरिन द मेदिची हिने शहराच्या तटाबाहेरची ही जमीन निवडली आणि १५६४ मध्ये राजवाड्याचे काम सुरू करवले. पूर्वी इथे कौलांच्या भट्ट्या होत्या. बागेला नाव त्यांच्यावरूनच मिळाले. राणी मूळची फ्लॉरेन्सची, त्यामुळे तिची बागही इटालियन धाटणीची होती. आज आपण पाहतो ती रचना मात्र तिच्या काळातली नाही.

ती आहे आंद्रे ल नोत्र याची. त्याचे आजोबा आणि वडील याच बागेत माळीकाम करत असत, आणि तो स्वतः इथल्या झाडांच्या सान्निध्यात वाढला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६४ मध्ये बागेच्या पुनर्रचनेचे काम त्याच्यावर सोपवले. ल नोत्रने राजवाड्याच्या मध्यापासून पश्चिमेकडे एक रुंद, सरळ वाट आखली, दोन्ही बाजूंना बागेच्या लांबीभर उंच बांधीव चौथरे उभारले, आणि वाटेवर दोन मोठे हौद बांधले : राजवाड्याजवळचा गोल, दूरचा अष्टकोनी. गोल हौदाच्या पूर्वेला उभे राहून मी बराच वेळ पश्चिमेकडे पाहत होतो. दूरचा हौद जवळच्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि अंतरामुळे डोळ्याला जितके लहान दिसायला हवे तितके त्याचे मोठेपण भरून काढते. त्यामुळे राजवाड्यातून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच भासत. चालत जाऊन अष्टकोनी हौदाच्या काठाशी पोहोचल्यावर त्याचा खरा विस्तार ध्यानात येतो, आणि ज्या माणसाने मोजपट्टीइतकाच नजरेचाही हिशेब ठेवला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

फुलांच्या अपेक्षेने येणाऱ्याची इथे थोडी निराशा होईल. गोल हौदाभोवती ताटवे आहेत आणि ते ऋतूप्रमाणे बदलले जातात, पण या बागेचा जीव फुलांत नाही. तो रेषांत आहे, प्रमाणांत आहे, आणि मोकळ्या जागेच्या उदारपणात आहे. मधल्या भागात हॉर्स चेस्टनट आणि लिंडन यांच्या रांगा आहेत. वरून एका पातळीत छाटलेल्या या रांगांमधून चालताना दाट सावली आणि लख्ख ऊन आळीपाळीने अंगावर येते. पायाखाली फिकट रंगाची बारीक रेती असते आणि तिची धूळ जोड्यांवर साचते. डिसेंबर १९९९ च्या वादळात इथली कित्येक झाडे उन्मळून पडली होती, त्यामुळे जुन्या खोडांच्या शेजारी तरुण झाडेही दिसतात. मला ही मिसळ आवडली. रांग तीच राहते आणि झाडे पिढ्यापिढ्यांनी बदलत जातात.

राजाची ही बाग लोकांची कशी झाली, हा तिच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. ल नोत्रचे काम झाल्यावर कोल्बेरला ती सर्वसामान्यांसाठी बंद करायची होती, पण त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या, पुढे परीकथांसाठी ख्याती पावलेल्या शार्ल पेरोने त्याचे मन वळवले आणि बाग नागरिकांना खुली राहिली. अर्थात ‘नागरिक’ या शब्दाची व्याप्ती तेव्हा अरुंद होती. भिकारी, सैनिक आणि गणवेशातले नोकर यांना दरवाजातच अडवले जाई. पुढे राजदरबार व्हर्सायला गेला आणि त्वीलरी पॅरिसवासीयांच्या फिरण्याची जागा बनली. १ डिसेंबर १७८३ रोजी जाक शार्ल आणि त्याचा सोबती रोबेर यांनी हायड्रोजनच्या फुग्यातून माणसाचे पहिले उड्डाण केले ते इथूनच, आणि ते पाहायला अफाट जनसमुदाय लोटला होता. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्योतीचे पात्र फुग्याला बांधून रोज संध्याकाळी आकाशात चढवले जात होते तेही याच बागेतल्या गोल हौदावरून. हे स्थान निवडणाऱ्यांना त्या उड्डाणाची आठवण होती, हे मला फार समाधानाचे वाटते.

याच बागेने रक्तही पाहिले आहे. १० ऑगस्ट १७९२ रोजी क्रांतिकारकांनी राजवाड्यावर चाल केली तेव्हा सोळावा लुई कुटुंबासह या वाटांवरून पायी चालत, बागेच्या उत्तरेला घोडेस्वारीच्या शाळेत भरणाऱ्या विधानसभेच्या आश्रयाला गेला, आणि मागे राहिलेले त्याचे शेकडो स्विस रक्षक मारले गेले. राजवाडा त्यानंतरही टिकला, नेपोलियनपासून तिसऱ्या नेपोलियनपर्यंत सत्ताधीशांचे निवासस्थान राहिला, आणि मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यून या शहरातल्या बंडखोर सरकारच्या अखेरच्या दिवसांत पेटवून देण्यात आला. त्याचे जळके अवशेष १८८३ पर्यंत तसेच उभे होते. मग तेही पाडले गेले.

राजवाडा गेला आणि एक गोष्ट उघडी पडली. लुव्र आणि त्वीलरीची मधली वाट एका रेषेत नाहीत. लुव्रचा अक्ष काही अंशांनी कललेला आहे. मध्ये राजवाडा असेपर्यंत हे कुणाच्या नजरेत भरत नसे. काचेच्या पिरॅमिडजवळ, इटालियन शिल्पकार बेर्निनीने घडवलेल्या चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्याची शिशाची प्रतिकृती उभी केली आहे, ती मुद्दाम बागेच्या रेषेवर. तिथून निघालेली नजर एकेकाळी राजवाड्याचे प्रवेशद्वार असलेल्या कारुझेलच्या कमानीतून, दोन्ही हौदांवरून, काँकॉर्द चौकातल्या, इजिप्तमधून आणलेल्या लक्झरच्या स्तंभावरून, शाँझेलिझे या रुंद रस्त्याच्या चढावाने आर्क द त्रियाँफ या विजयकमानीपर्यंत जाते. ही रेषा मुळात ल नोत्रनेच बागेच्या पश्चिम टोकाबाहेर, तेव्हाच्या शेतांतून पुढे नेली होती. मधला राजवाडा हटल्यामुळे ती पूर्वेकडेही मोकळी झाली. म्हणून इमारतीचा नाश हा इतिहासाचा मोठा तोटा असला, तरी बागेच्या दृष्टीने त्याकडे केवळ तोटा म्हणून पाहणे मला पटत नाही.

कारुझेलच्या कमानीजवळच्या भागात यू या सदाहरित झाडांच्या छाटलेल्या कुंपणांमध्ये फ्रेंच शिल्पकार आरिस्तिद मायोलची शिल्पे आहेत. भरदार, संथ, आत्ममग्न अशा या स्त्रीआकृती १९६४ मध्ये आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना इथे आल्या. बागेच्या कठोर रेषांमध्ये त्या किती शोभतात हे प्रत्यक्षच पाहावे.

हौदांच्या काठी हिरव्या रंगाच्या लोखंडी खुर्च्या पसरलेल्या असतात. एकेकाळी अशा खुर्च्यांवर बसण्याचे पैसे मोजावे लागत. आज कुणीही ती उचलून हवी तिथे नेतो. कुणी उन्हाकडे पाठ करून वाचत असतो, दोघी मैत्रिणी खुर्च्या जोडून गप्पांत रंगतात, मुले गोल हौदात लाकडी शिडाची होडकी सोडून काठीने ढकलतात. प्रमाणबद्धतेच्या एवढ्या काटेकोर आखणीत ज्याने त्याने आपली खुर्ची आपल्याला हवी तशी वळवावी, ही मोकळीक मला फार आवडली.

पश्चिम टोकाला दोन वळणदार चढणी अष्टकोनी हौदाला कवेत घेतात आणि वरच्या चौथऱ्यांवर पोहोचवतात. नदीकडच्या चौथऱ्यावर ऑरांजेरी हे संग्रहालय आहे. १८५२ मध्ये बागेतली संत्र्याची झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी ते बांधले गेले, आणि १९२७ पासून तिथल्या दोन लंबगोल दालनांत क्लोद मोनेची कमळांची विशाल चित्रे आहेत. छतातून उतरणाऱ्या नैसर्गिक प्रकाशात ती पाहायची असल्याने ढगाळ दिवशी जाण्यापेक्षा स्वच्छ दिवस गाठावा, आणि बाग आधी पाहून मग आत शिरावे.