आमची वाटचाल : मांगरावरची हिरवळ

दापोलीत सुतारकामापासून सुरुवात केली. मांगर (बागेतल्या साठवणीच्या खोपी), गोठे, बागेतल्या अवजारांच्या खोल्या बांधता बांधता छपरावर झाडं लावायचं काम हाती आलं आणि आमची ओळख झालं. बरी वर्षं बरी गेली. सांगायला हवं ते त्या एका पावसाळ्याचं.

आमचं काम पाहून एका ठेकेदाराने निम्म्या दरात तशीच छपरं घालायला घेतली. पत्र्यावर ताडपत्री आणि तिच्यावर थेट ६ इंच लाल माती. १० बाय १२ फुटांच्या छपरावर ही ६० घनफूट माती होते. भिजली की वजन ३ टनांच्या घरात जातं. जुलैत पत्रे वाकले, खळग्यांत पाणी साचलं, स्क्रूच्या भोकांतून आत उतरलं. बोभाटा मात्र असा झाला की हिरवी छपरंच गळतात! आमच्याकडे दिलेले आगाऊ पैसे लोक परत मागू लागले. कारागिरांची मजुरी भागवायला साठवलेलं ऐनाचं लाकूड विकलं. ते अजून सलतं, कारण दोष मातीचा नव्हता, हिशेबाचा होता.

त्या वेळी आंजर्ल्याचे एक बागायतदार काका पाठीशी राहिले. येईल त्याला ते आमचं छप्पर असलेल्या आपल्या मांगरात नेत, आंब्याच्या पेट्यांवर हात फिरवायला लावत आणि म्हणत, "बघा, कोरड्या ठाक."

आमच्याकडे तोच थर ४ इंचांचा. मंगलोरी कौलांचा चुरा ५ भाग, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) ३, चाळलेलं शेणखत २. भिजूनही दीड टनाच्या आत राहतो. खाली ऐनाचे अडीच बाय ५ इंची वासे, सव्वा सव्वा फुटावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर प्रत्येक वासा खांबाला लोखंडी पट्टीने आवळतो. उतार १२ फुटांना १ फूट. त्याहून कमी ठेवला तर पाणी तुंबतं, फार वाढवला तर माती वळचणीला येते.

वाशांवर १८ मिमी मरीन प्लाय आणि त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, अखंड. तीन कडांना ६ इंच वर वळवायचा, चौथी कड पन्हळीत सोडायची. स्क्रू फक्त कडेच्या फळीच्या माथ्यावर आणि तेही स्टेनलेस. खाऱ्या वाऱ्यात साधे लवकर गंजतात. उघडा कागद उन्हाने तडकतो, म्हणून कडा फळीने झाकायच्या. मग जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), २० मिमीचे ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे जाळीदार तुकडे), पुन्हा जिओटेक्स्टाइल. पन्हळीच्या बाजूला ९ इंच रुंद खडीची पट्टी. फणस-आंब्याचा पाला तिथेच अडकतो. पावसाआधी आणि जुलैत ती उपसायचीच.

नर्सरीवाले सेडम ही जाड, रसाळ पानांची बुटकी झाडं सुचवतात. ते घेऊ नका, आपल्या पावसात कुजतं. दूर्वा आणि रेन लिली लावा. लिली उन्हाळ्यात सुकते, पण कंद मृगाच्या सरींवर पुन्हा फुटतात. मुळं धरेपर्यंत वर काथ्याची जाळी हवी. पाखरांनी टाकलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटा, नाहीतर मूळ कागदापर्यंत पोचतं.

अजूनही पहिला प्रश्न येतो, "गळणार नाही ना?" म्हणून मिश्रण चढवण्याआधी आम्ही कागदावर नळीने दोन तास पाणी सोडतो आणि मालकाला खाली उभं करतो. काम आमचं असो की दुसऱ्याचं, ही चाचणी झाल्याशिवाय वर एक घमेलंही चढू देऊ नका.