‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’

रिमांडसाठी हजर केलेल्या आरोपीला न्यायदंडाधिकारी हा प्रश्न विचारतात. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका तरुणाने त्यावर मान खाली घालून “नाही” म्हटलेले मी पाहिले. त्याचे दोन्ही तळवे सुजलेले होते, आणि ज्या हवालदाराने त्याचा दंड धरला होता त्याच्याच सोबत त्याला तासाभरात कोठडीत परतायचे होते. त्याचे “नाही” तेवढे कागदावर आले. तळवे आले नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता, आजवर दिलेले नाही. ते द्यायचे तर छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा हवा. तसे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि पुढे ते मंजुरीविनाच व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झाले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३व्या अहवालासोबत नवा मसुदा दिला, तोही पडून आहे.

नवा कायदा कशाला, असे सहकारी विचारतात, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु दहशत बसावी म्हणून केलेली मारहाण या कलमात बसत नाही, आणि रात्र रात्र झोपू न देणे किंवा “बायकोला ठाण्यात आणून बसवू” असे धमकावणे हेही बसत नाही. करारातील व्याख्येत मात्र मानसिक यातनाही येतात.

त्याहून मोठी अडचण पुराव्याची आहे. कोठडीच्या भिंतीआड साक्षीदार असतात ते पोलीसच. म्हणून कोठडीत असताना इजा झाली असेल, तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे आणि तसे नसल्याचे पोलिसांनी सिद्ध करावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच केली होती. ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयातून पोलीस निर्दोष सुटले, देशभर संताप उसळला, आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर ती नव्हतीच असे गृहीत धरण्याचे कलम पुराव्याच्या कायद्यात आले. मारहाणीसाठी मात्र तसे कलम झाले नाही. २०२३ मध्ये तो कायदा बदलून नवा आणला गेला, तेव्हाही नाही.