भोक पाडण्याआधी टॉम हातात धरून वाजवा

काकांचा जुना ड्रमसेट माळ्यावरून खाली उतरलाय आणि यंदा गणपतीत तो पुन्हा वाजवायचा, असं सोलापुरात घरी ठरलंय. एकेकाळी हुतात्मा स्मृती मंदिरातल्या ऑर्केस्ट्रांना काका हाच सेट घेऊन बसायचे. धूळ पुसून झाली, नवी पानं (ड्रमच्या तोंडावर ताणलेले पडदे) चढवली, गंजलेले बोल्ट बदलले. आता अडलंय ते छोट्या टॉमपाशी, म्हणजे काठीने वाजवायच्या वरच्या छोट्या ड्रमपाशी. पायाने वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमवर टॉम धरणाऱ्या होल्डरचे दाते झिजलेत. जरा जोरात ठोका पडला की टॉम मान टाकतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरने उपाय सांगितला: जुनं सगळं काढायचं, बेस ड्रमला भोकं पाडायची आणि दोन टॉम पेलणारा हल्लीचा दोन दांड्यांचा होल्डर बसवायचा. धाकट्या चुलतभावाचा लगेच मला फोन. "दादा, तू तिथं जुन्याच ड्रमचं काम करालायस. सांग की, मारू का ड्रिल?"

नको मारूस. का नको, हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहितोय. शिवाय असे सेट सोलापुरात आणखीही काही घरांत माळ्यावर पडून असणार. त्यांनाही उपयोग होईल.

मी राहतो त्या शिकागोत जुन्या ड्रमचं वेड मोठं आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. लुडविग कंपनी १९०९ साली इथेच सुरू झाली. डेमन अव्हेन्यूवर तिचा कारखाना होता. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेच्या टीव्हीवर थेट वाजवायला बसले, तेव्हा रिंगो स्टारच्या बेस ड्रमच्या दर्शनी पानावर लुडविगचं नाव ठळक दिसत होतं. त्यानंतर कारखान्याला मागणी पुरी करता येईना. पुढे ऐंशीच्या दशकात कारखाना नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रोला गेला, पण साठच्या दशकातले सेट इथल्या तळघरांतून अजून बाहेर येत असतात. माझ्याकडचा त्याच पिढीतला. २० इंची बेस, १४ इंची फ्लोअर टॉम आणि १२ इंच रुंद, ८ इंच खोल असा छोटा टॉम. हा छोटा टॉम कशावर बसवायचा, हा प्रश्न मला अख्खा हिवाळा पुरला.

त्या काळची पद्धत अशी. बेस ड्रमच्या पाठीवर एक पट्टी बोल्टने पक्की केलेली असते, तिला रेल म्हणतात. रेलवर दांडा पुढेमागे सरकतो. दांड्याच्या टोकाला दातेरी सांधा असतो, त्यावर टॉमचा कल ठरतो. टॉमच्या अंगावर एक धातूची प्लेट असते, ती शेलमधून, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगातून, आरपार गेलेल्या स्क्रूंनी धरलेली. रचना दणकट आहे, दिसतेही देखणी. अडचण आवाजाची आहे.

ती कळायला उपकरण लागत नाही. टॉम होल्डरवरून काढा. वरची रिम (पान आवळून धरणारं कडं) अंगठा आणि एका बोटात हलकी धरून टॉम लोंबता ठेवा आणि दुसऱ्या हाताने पानाच्या मधोमध काठी मारा. आवाज कसा विरत जातो ते कान देऊन ऐका. आता तोच टॉम, त्याच ताणावर, होल्डरवर घट्ट बसवून तसाच ठोका मारा. माझ्या टॉमच्या बाबतीत हातात धरल्यावर गोल, खोल, लांबत जाणारा स्वर होता. रेलवर चढवला की सुरुवातीचा ठोका तसाच, पण शेपूट निम्म्यावर तुटलेलं. टॉममध्ये फक्त पान थरथरत नाही, लाकडी शेलही थरथरतो. माझ्या सेटचे शेल जेमतेम तीन थरांचे, पातळ. त्यांच्या अंगावर जड लोखंड आवळलं आणि ते लोखंड पुन्हा वजनदार बेस ड्रमला जखडलं, की ती थरथर तिकडे वाहून जाते. तबला शिकलेल्या कुणालाही हे पटायला वेळ लागणार नाही: तबला आपण चुंबळीवर ठेवतो, फरशीवर नाही.

यावर इथे लोकांनी काढलेला चांगला तोडगा म्हणजे लोंबता माउंट. १९८० च्या आसपास रिम्स नावाने तो बाजारात आला, मग बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या तऱ्हा काढल्या. टॉमच्या वरच्या कडेभोवती स्टीलची अर्धगोल पट्टी येते. पान ताणणारे टेन्शनचे बोल्ट त्या पट्टीतल्या रबरी बुशांमधून जातात आणि टॉम त्या बोल्टांवर टांगला जातो. होल्डर पट्टीला लागतो, शेलला लोखंडाचा स्पर्शही नाही. ही पट्टी सिंबलच्या जड स्टँडवर क्लॅम्पने धरता येते, म्हणजे बेस ड्रमही मोकळा. मी हेच केलं आणि मला ते मनापासून आवडतं. रेल मात्र बेस ड्रमवर तशीच राहू दिली आहे. ती काढली तर मागे भोकं उरतात, आणि ती त्या सेटच्या अंगाचाच भाग आहे.

पण सोलापुरात हे लगेच करा असं मी म्हणणार नाही. पट्टी टॉमच्या व्यासाला आणि लगच्या (हे बोल्ट ज्यात आवळतात त्या शेलवरच्या तुकड्यांच्या) संख्येला तंतोतंत जुळावी लागते. जुन्या टॉमवर लगची जागा हल्लीच्या मापांशी जुळेलच असं नाही. स्टँड हलका असेल तर टॉम वाजवताना डोलतो. पान बदलायचं तर बोल्ट काढताना पट्टीही सुटते. आणि काकांचं म्हणणं मला अगदी रास्त वाटतं. ते म्हणाले, ऑर्केस्ट्रात टॉम आखूडच बरा, लांबत राहिला की गाणाऱ्याच्या शब्दांवर येतो. रेलवरचा तुटक, कोरडा टॉम त्यांच्या गाण्यांना शोभायचा.

म्हणून काकांच्या सेटसाठी माझी पहिली पसंती स्नेअर स्टँडला, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पुढ्यातला स्नेअर ड्रम ज्यावर ठेवतात त्या स्टँडला. साधा स्नेअर स्टँड, आणखी एक. इथले कितीतरी जॅझ वाजवणारे छोटा टॉम त्यावरच ठेवतात. तीन रबरी बोटांवर टॉमची खालची रिम टेकते, कुठे भोक नाही, स्क्रू नाही. विकत घेताना टॉम सोबत न्यायचा, कारण काही स्टँड १४ इंची स्नेअरसाठीच असतात आणि त्यांची बोटं १२ इंचापर्यंत मिटत नाहीत. आवळताना टॉम हलणार नाही इतकंच आवळायचं. बोटांनी रिम करकचून धरली तर खालचं पान दबतं आणि होल्डरवर जो दोष होता तोच इथे येतो. स्टँडचे पाय कुठे येतील तेही बसून बघायचं: पेडल, हायहॅट आणि खऱ्या स्नेअरच्या स्टँडचे पाय आधीच तिथे असतात. एक पाय बेस ड्रमच्या पोटाखाली सरकवला की बहुतेक वेळा जागा होते.

मग फॅब्रिकेटरकडे काय द्यायचं? तो दातेरी सांधा. दोन्ही भाग सुटे करून न्यायचे आणि झिजलेले दाते नव्याने कापून मागायचे, किंवा तेवढाच सांधा पोलादात नवीन करून घ्यायचा. भोकांचे आटे, बोल्टचं माप, सगळं जुनंच ठेवायचं. चांगल्या लेथवाल्याला हे अवघड नाही. प्लेट परत लावताना आतल्या बाजूला मोठा वॉशर, बाहेर प्लेटखाली पातळ रबर, आणि स्क्रू एकेक करून थोडाथोडा फिरवायचा. जुन्या सेटवरचं प्लास्टिकचं आवरण वयाने कडक झालेलं असतं. एकच स्क्रू आधी पिळला तर त्याच्याभोवती तडा जातो.

भोक पाडण्याबद्दल शेवटचं. जुन्या ड्रमच्या बाजारात पहिला प्रश्न असतो तो जादा भोकं आहेत का, आणि उत्तर हो असेल तर किंमत तिथेच उतरते. काका सेट विकणार नाहीत हे मला माहीत आहे. पण दोन टॉमचं वजन त्या पातळ शेलवर आलं की पाठ हळूहळू खचते, मग काठ गोल राहत नाही आणि पान सुरात लागत नाही. हा त्रास वाजवणाऱ्यालाच होतो. स्टँड आणि सांध्याचा खर्च मी पाठवतोय. मोजमाप घेताना दात्यांची संख्या दोन्ही बाजूंची मोजून मला फोटो टाका.