तुम्ही विचारलंत म्हणून: घरातले मोडी कागद निवडून आणावेत का?

जुना वाडा पाडायला निघतो किंवा घरातले शेवटचे वडीलधारे माणूस जाते, माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि आमच्याकडे फोन येतो. "आमच्याकडे मोडी लिपीतले जुने कागद आहेत. सगळा पसारा कशाला? महत्त्वाचे तेवढे निवडून आणून दिले तर चालेल का?" पुण्यात अभिलेखांच्या, म्हणजे जुनी कागदपत्रे जपण्याच्या, कामात माझी बावीस वर्षे गेली आणि या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच आहे. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आमचा वेळ वाया जाऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. तरीही माझे उत्तर ठरलेले आहे. निवडू नका. कागद ज्या फडक्यात बांधलेले असतात त्या रुमालाची गाठही सोडू नका. जसे आहे तसे घेऊन या.

याचे कारण कागदांतच आहे. सरकारी कागदावर बहुधा सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कारभारात चालणारी कालगणना, असतो. 'खमस सबैन मया व अलफ' हे अरबी संख्यांचे शब्द (५, ७०, १००, १०००) मिळवले की ११७५ होतात आणि त्यावरून इसवी सन १७७४-७५ निघते. खासगी पत्राचे तसे नसते. बहिणीने भावाला लिहवलेल्या पत्रावर 'श्रावण शुद्ध ५' एवढेच असू शकते, कारण तो कोणत्या सालचा श्रावण हे दोघांनाही ठाऊक होते. आम्हाला ते साल सांगतो शेजारचा कागद. त्या पत्राला लागून जमाखर्चाचा एखादा बंद, म्हणजे कागदाचा ताव, असतो, त्यावर साल असते आणि त्या श्रावणात बहिणीकडे पाठवलेल्या लुगड्याची किंमत मांडलेली असते. घरच्यांनी पत्र आणले आणि 'हिशोबाचे काय करायचे' म्हणून तो बंद रद्दीत घातला, तर पत्र हाती राहते आणि त्याचा काळ कायमचा हरवतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका घराण्याचे दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचा संग्रह, माझ्या हाती आले. मी ते उत्साहाने सोडले आणि वतनाचे कागद, देवस्थानाचे कागद, खासगी पत्रे, जमाखर्च अशी वर्गवारी केली, प्रत्येकावर क्रमांक घातला, पेट्या भरल्या. काम देखणे दिसत होते. काही महिन्यांनी त्या घरातल्या आजी आल्या. त्यांना फक्त एक पुडके पाहायचे होते. "सासूबाईंनी सात कागद लाल चिंधीत वेगळे बांधून ठेवले होते. आम्हाला कधी वाचता आले नाहीत, पण त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत." मी त्यांच्यासमोर पेट्या उघडल्या, परंतु ते सात कागद कोणते हे मला सांगता येईना. ते चार वर्गांत विखुरले होते आणि चिंधी मी टाकून दिली होती. त्या सासूबाईंनी ते सात कागद एकत्र का बांधले असतील, हे आता कुणालाही कळणार नाही. आजी मला काही बोलल्या नाहीत. मी तेव्हा त्यांची क्षमा मागितली. मात्र नुकसान भरून निघण्यासारखे नव्हते.

निवड करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांचे आपल्यावर ऋण आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत होते, तेव्हा छापण्यासाठी पैसा नव्हता. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा, म्हणजे पानिपतापर्यंतच्या राजकारणाचा. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पुढे पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतून, ४५ खंड काढले, तरी पुण्याच्या त्या दप्तरातल्या हजारो रुमालांपुढे ते वेचेच ठरतात. त्या पिढीने लढाया, तह, कारभारी यांचे कागद आधी उचलले आणि ते योग्यच होते. पण आज अभ्यासक विचारतात की दुष्काळात जोंधळ्याचा भाव काय होता, विधवेच्या वाट्याला काय आले, गावच्या बलुतेदाराला काय मिळे. त्याची उत्तरे त्या वेळी बाजूला राहिलेल्या कागदांत सापडतात.

अलीकडेच एका घरातून आलेल्या गठ्ठ्यात एक लांब कागद होता. घरच्यांनी तो टाकायला काढला होता, कारण शेवटी 'पोराने चित्रे काढली आहेत' असे त्यांना वाटले. तो महजर होता, म्हणजे गोतसभेचा, गावकऱ्यांच्या न्यायसभेचा, निवाडा. तळाशी साक्षी होत्या आणि लिहिता न येणाऱ्यांनी आपापल्या निशाण्या केल्या होत्या: पाटलाचा नांगर, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. कागद उलगडताना शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचे दोन-चार कण टेबलावर पडले. आमच्या मोडीच्या वर्गात येणारा एक तरुण, जो स्वतः नाभिक कुटुंबातला आहे, त्या आरशाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने त्याच्याशेजारचे नाव मला पुन्हा पुन्हा वाचायला लावले.

हे वाचन एकट्याचे काम नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, शब्द तोडलेले नसतात. विषय माहीत असेल तरच अक्षर लागते. आमच्याकडे रविवारी एक निवृत्त तलाठी येतात. जमिनीच्या कागदावर मी अर्धा तास अडले की ते क्षणात शब्द सांगतात. देवस्थानाचा कागद असेल तर एका गुरवबाईंना विचारावे लागते. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गातून शिकलेली मुले येतात, एकेका अक्षरावर वाद घालतात, आणि त्या वादातून पाठ शुद्ध होतो.

तेव्हा कागद आणताना एवढे करा: फाटलेल्यावर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, उन्हात वाळवू नका; आत कसर लागू नये म्हणून ठेवलेला वेखंडाचा तुकडा असेल तर तोही राहू द्या. कागद देऊन टाकायचे नसतील तर तसे सांगा. आम्ही छायाचित्रे घेऊन त्याच क्रमाने, त्याच फडक्यात बांधून परत देतो. आता गाठ सोडण्यापूर्वी मी तिचेच छायाचित्र घेते. नोंदपत्रकात एक रकानाही वाढवला आहे: 'हे घरात कुठे आणि कुणी ठेवले होते?' लोक लिहितात, देव्हाऱ्याखाली. कणगीत. आईच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या शालूखाली. सातारा जिल्ह्यातल्या त्या आजींना जे आठवत होते तेही मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतले आणि ते पान त्या दप्तराच्या पहिल्या पेटीत सर्वांत वर ठेवले आहे.