कोणता वायू कशात धरायचा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वायू तयार करण्यापेक्षा तो धरण्याला जास्त मान होता. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड तापवून ऑक्सिजन कोणीही काढील; पण तो कशात आणि का धरायचा, हे सांगितल्याशिवाय सर बर्नर पेटवू देत नसत. ऑक्सिजन पाण्यावर, म्हणजे पाण्याने भरलेल्या पालथ्या पात्रात, कारण २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात तो जेमतेम ३१ मिलिलिटर विरघळतो. पहिले बुडबुडे सोडून द्यायचे, ती नळीतली हवा.

अमोनिया मात्र तेवढ्याच पाण्यात सुमारे ७०० लिटर मावतो! पाण्यावर धरायला गेलात तर हाती काहीच नाही. तो हवेपेक्षा हलका, म्हणून चुनकळीवरून कोरडा करून पालथ्या पात्रात घ्यायचा. नवसागर आणि चुना तापले की वर्गभर झणका पसरे. तांबट आळीकडच्या मुलांना तो ओळखीचा होता. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा तोच तर येतो.

आणि ते कारंजे! अमोनियाने भरलेला चंबू पालथा, खाली तांबड्या लिटमसचे पाणी. ड्रॉपरने आत चार थेंब सोडले की अमोनिया त्यांत विरघळे, चंबूतला दाब एकदम उतरे, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी नळीतून उसळून वर येई, येता येता निळे होई. आम्ही बाकांवर उभे राहून पाहत असू.

पुढे मी पाणी तपासण्याच्या कामात आलो. ऑक्सिजन पाण्यात थोडाच विरघळतो, पण गोदावरीतले मासे त्या थोड्यावरच जगतात. समुद्रसपाटीला शून्य अंशाला लिटरमध्ये १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशाला ७.६, नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे आणखी जरा कमी. नमुना घेताना आता उलटी काळजी: ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. मिलिलिटरभर हवेतच पाव मिलिग्रॅम ऑक्सिजन, आणि उन्हाळ्यात बाटलीभर पाण्यात मिळून तो फार तर दोन-सव्वादोन. बूच लावताना सरांची आठवण होतेच.

शाळेला एक कळकळीची विनंती. कारंजे मुलांना पडद्यावर दाखवू नका, समोर करून दाखवा. चंबू तेवढा आदल्या दिवशी धुऊन पूर्ण कोरडा करून ठेवा. आत ओल राहिली तर अमोनिया आधीच तिच्यात जातो आणि पाणी वर चढत नाही.