कानबाईच्या कॅसेटी : सातवी उतरली, बोलांच्या फाइलीही उघडल्या

अमळनेरच्या घरातल्या आजीच्या ट्रंकेतली सातवी कॅसेट रविवारी संगणकावर उतरवून झाली. सी-६०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांची, आणि दोन्हींवर खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. वेव्ह, म्हणजे आवाज जराही न दाबता ठेवलेली फाइल, साधारण १ जीबीची झाली. फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता दाबलेली फाइल, केल्यावर जवळपास निम्मी. फ्लॅकची पुन्हा वेव्ह केली तर बिट न् बिट तीच निघते, त्यामुळे मूळ प्रत आता फ्लॅकमध्येच.

पहिल्या दोन कॅसेटी मी थेट ६४ केबीपीएसच्या एमपी-थ्रीत घेतल्या होत्या; ती फाइल लहान करताना आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देते. त्यात टाळी पडायच्या आधीच तिची पुसट सुर्र ऐकू येते आणि बांगड्यांची किणकिण पाण्यात बुडाल्यासारखी वाटते. त्यांची वेव्ह करून पाहिली. फाइल फुगली, किणकिण काही आली नाही. दोन्ही पुन्हा उतरवणार.

बोलांच्या फाइलींचं दुखणं निराळं. मामांनी ते पूर्वी टायपिंगवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये करून घेतले होते. माझ्या संगणकावर उघडलं तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. पण इथं हरवलं काहीच नव्हतं! कळ न् कळ फाइलीत शाबूत होती. कुठल्या कळीचं कुठलं अक्षर, हे तेवढं त्या फाँटला ठाऊक. फाँट मिळवला, एकेक चिन्ह ताडून तक्ता बनवला. पहिल्या फेरीत ‘दिवा’चा ‘िदवा’ झाला, कारण जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, पण पहिलं कडवं नीट वाचता आलं तेव्हा फार आनंद झाला. आता मूळ प्रत साध्या युनिकोड मजकुरात, आणि वाटायला पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठीची पीडीएफ. त्यात फाँट फाइलीतच बसवावा लागतो.

मग कॅसेट लावून बोल ताडायला बसलो. मावशी स्वच्छ ‘मन्ही’ गाते आणि फाइलीत ‘माझी’. पुढं ‘शे’ च्या जागी ‘आहे’. टाइप करणाऱ्यानं गाण्यांची अहिराणी बोली ‘सुधारून’ प्रमाण मराठी करून टाकली होती. हे कुठल्याच तक्त्यानं सापडलं नसतं. त्यामुळे सगळी गाणी आता कानानं, ओळ न् ओळ तपासतोय, चौदा झाली.

आठव्या कॅसेटीचा फेल्ट, म्हणजे फीत हेडवर दाबून धरणारा छोटा तुकडा, गळून पडलाय. फीत दुसऱ्या सांगाड्यात घालावी लागेल.